दलाल–मुळगावकरांचं छापील दप्तर गोव्यात हवं

गोव्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयात जा आणि १९५० च्या आसपासची मराठी कादंबरी मागून घ्या. बहुतेक वेळा हातात येतं ते काळ्या नाहीतर तपकिरी रेक्झिनमध्ये बांधलेलं पुस्तक. कण्यावर पांढऱ्या रंगाने घातलेला दाखल क्रमांक, आत वाचनालयाचा जांभळा शिक्का, आणि शिक्क्याखाली थेट शीर्षकाचं पान. मुखपृष्ठ नाही. बाइंडरने ते काढलं, तिन्ही कडा कापून पुस्तक चौकोनी केलं, नवा पुठ्ठा घातला. पुस्तक शेकडो हातांतून फिरूनही टिकावं म्हणून हे केलं गेलं आणि पुस्तक खरोखर टिकलं. पण जे काढून टाकलं त्यावर चित्र होतं, हाताने रेखलेलं नाव होतं, आणि ते काम मडगावच्या दीनानाथ दलालांचं किंवा अस्नोड्याच्या रघुवीर मुळगावकरांचं असण्याची शक्यता बरीच होती. त्या काळात मराठी प्रकाशकाला मुखपृष्ठ हवं असलं की हीच दोन नावं आधी आठवत.

माझी मागणी सरळ आहे. या दोघांच्या छापील कामाचं एक सार्वजनिक दप्तर, म्हणजे नोंदींसह जपलेला संग्रह, गोवा सरकारने उभं करावं, ते पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात असावं, आणि त्यात चौकटीतल्या मूळ चित्रांच्या आधी छापून लोकांच्या हातात गेलेल्या वस्तूंना जागा मिळावी. मुखपृष्ठं, दिवाळी अंक, कॅलेंडरं, अंकांमधली रंगीत पानं, जाहिराती. हे काम आपल्याकडे कुणाच्याच खात्यात येत नाही. कला संचालनालयाला ते पुस्तकांचं वाटतं, ग्रंथालयाला ते चित्रांचं वाटतं, आणि दरम्यान कागद कुजत राहतो.

दलालांचा जन्म ३० मे १९१६ चा, मडगावचा. पुढे १९८७ साली त्याच तारखेला गोवा घटक राज्य झालं, त्यामुळे दर वर्षी त्यांच्या वाढदिवशी राज्यभर झेंडावंदन होतं आणि त्यांची आठवण कुणाला होत नाही. तरुणपणी ते मुंबईला गेले, तिथे त्यांनी दलाल आर्ट स्टुडिओ काढला, १९४५ साली ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १५ जानेवारी १९७१ रोजी, अवघ्या ५४ व्या वर्षी गेले. मुळगावकर त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बार्देशातल्या अस्नोड्याचे, मुंबईत चित्रकार एस. एम. पंडितांच्या हाताखाली तयार झालेले, पुढे ‘रत्नप्रभा’ हे नियतकालिक काढणारे, १९७६ साली वारलेले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्यांनी चोरून वाचल्या त्यांना पिस्तूलधारी नायक आणि घाबरलेली सुंदरी मुळगावकरांनीच दाखवली. ‘राजा शिवछत्रपती’मधल्या दलालांच्या चित्रांनी कित्येक घरांतल्या मुलांच्या डोळ्यांपुढे शिवकाल उभा केला. आणि गोव्यातल्या देवघरांत आजही काचेआड जी लक्ष्मी किंवा दत्त दिसतो, तो पुष्कळदा मुळगावकरांच्या कॅलेंडरवरून कापून घेतलेला असतो. खालची तारखांची पट्टी गेली, देव राहिला.

दोघांनाही आपण ‘चित्रकार’ म्हणतो. ते होतेच, पण त्यांच्या हातून जे घडलं त्याला आज ग्राफिक डिझाइन म्हणतात, आणि हे काम समजून घ्यायचं तर ते छापखान्यात जाऊन पाहावं लागतं. तो काळ खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईचा. रंगीत चित्र छापायचं म्हणजे त्याचे फिल्टर लावून फोटो काढायचे, पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा असे रंग वेगळे करायचे, प्रत्येकाचा तांब्याचा हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांचा ब्लॉक करायचा आणि तोच कागद यंत्रातून चार वेळा काढायचा. आर्ट पेपरवर इंचाला १२० ते १३३ ओळींचा स्क्रीन (ठिपके पाडणारी जाळी) चाले, वर्तमानपत्री कागदावर ५५ ते ६५ च्या वर गेलं की शाई भरून सगळं काळं होई. चार रंगांचा खर्च प्रत्येक प्रकाशकाला झेपत नसे. मग चित्रकाराला सांगितलं जाई: दोन रंगांत बसवा.

माझ्याकडे अशी एक पातळ कादंबरी आहे, नशिबाने बाइंडरकडे न गेलेली. मुखपृष्ठावर हिरवी झाडी आहे, पिवळं ऊन आहे, निळी साडी आहे आणि एका बाईचा गोरा चेहरा आहे. छपाई मात्र पिवळा आणि निळा अशा दोनच शायांत झालेली आहे. झाडीच्या जागी दोन्ही रंग एकमेकांवर चढवले आहेत म्हणून हिरवा दिसतो, आणि चेहऱ्यासाठी कागदच मोकळा सोडला आहे. भुवया, डोळे आणि ओठांची कड निळ्या रेघेत काढली आहे, ती इतकी नेमकी की तो निळा आहे हे चटकन लक्षातही येत नाही. छापताना निळा ब्लॉक केसभर सरकला, त्यामुळे हनुवटीखाली पिवळ्याची एक बारीक कड दिसते. चित्र काढतानाच चित्रकाराने हिशेब केलेला होता: कुठे शाई चढेल, कुठे कागद बोलेल, कुठे ब्लॉक सरकला तरी चालेल. त्यावर सही नाही. शैली ओळखीची वाटते, पण हे कुणाचं काम, स्टुडिओच्या मालकाचं की तिथे उमेदवारी करणाऱ्या मुलाचं, हे मला सांगता येत नाही. पाच-पन्नास मुखपृष्ठं एकमेकांशेजारी मांडून, साल, प्रकाशक आणि छापखाना यांच्या नोंदी लावल्या तर एखादा अभ्यासक ते सांगू शकेल. दप्तर लागतं ते याचसाठी.

अक्षरांबद्दल तर स्वतंत्रच बोलायला हवं. मजकुरासाठी देवनागरीचे सुबक खिळे होते, पण शीर्षकाला शोभतील असे मोठे आणि तऱ्हेतऱ्हेचे खिळे फारच थोडे. म्हणून कादंबरीचं नाव मुखपृष्ठ करणाराच ब्रशने काढायचा. ऐतिहासिक कादंबरी असली तर बोरूच्या वळणाची जाडी, प्रेमकथा असली तर शिरोरेघ हलकेच वाकलेली किंवा मुळातच गाळलेली, रहस्यकथा असली तर अक्षरांनाच धार आणि पाठीमागे सावली. आज संगणकावर देवनागरीचे किती तरी फॉन्ट आहेत आणि तरीही दुकानातली निम्मी मराठी मुखपृष्ठं एकाच अक्षरात बोलतात. तरुण डिझायनरला मी दोष देत नाही. त्याने पाहायचं कुठे? अल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात अप्लाइड आर्ट शिकणाऱ्या मुलामुलींना युरोपातली पोस्टर-परंपरा पडद्यावर सहज पाहता येते. मडगावच्या माणसाने काढलेली शंभर शीर्षकं एका टेबलावर मांडून बघायची सोय त्यांच्यासाठी का असू नये?

गोव्याला चित्रं जपता येत नाहीत असं म्हणायला जागा नाही. पणजीत फोंतेंय्यातल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं नीट लावलेली आहेत. आंजेलो द फोन्सेका यांचं काम पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेने सांभाळलं आहे. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या बाबतीत तर वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी एका माणसाच्या चिकाटीने काय होऊ शकतं ते दाखवून दिलं: वर्तमानपत्रांत, नियतकालिकांत विखुरलेली हजारो रेखाचित्रं गोळा केली, त्यांचे ग्रंथ काढले, दालन उभारलं. मारियोही छापील कागदासाठीच काम करणारे होते. २ मे २०१६ ला त्यांच्या नव्वदाव्या जयंतीला गूगलने आपल्या पानावर त्यांच्या धाटणीचं चित्र लावलं आणि गोवा सुखावला, ते योग्यच झालं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला दलालांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती.

म्हणजे इच्छा आहे, जागा आहे, जाणकारही आहेत. दलाल–मुळगावकरांच्या वाट्याला जे आलं ते मुख्यतः कुटुंबीय, संग्राहक आणि जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांच्यामुळे. यातला एकेक माणूस गेला की एकेक कपाट रिकामं होतं. खासगी प्रेमाला मर्यादा असतात. संग्राहक देखणं ते ठेवतो, मूळ चित्र ठेवतो, सहीचं ठेवतो. साध्या दोन रंगी मुखपृष्ठाला, साबणाच्या जाहिरातीला, शाळेच्या क्रमिक पुस्तकातल्या चित्राला गिऱ्हाईक नसतं. दप्तर उभं करताना मात्र तेच हवं असतं, कारण कलावंताचा रोजचा हात तिथे दिसतो.

पहिला आक्षेप मला नेहमी ऐकू येतो तो असा, की हे दोघे मुंबईचे झाले, तेव्हा ते महाराष्ट्राने करावं. महाराष्ट्राने जरूर करावं. पण १९६१ पूर्वीच्या गोव्यातून मुंबईला गेलेल्यांची यादी काढायला बसलो तर आपलं अर्धं संगीत, अर्धं नाटक आणि बरीचशी चित्रकला त्या यादीत जाईल. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची कारकीर्द गोव्याबाहेर घडली म्हणून कला अकादमीच्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायला कुणी अडवलं नाही, आणि कुणी अडवूही नये. मडगावच्या दीनानाथांना वेगळा नियम कशाला? सासष्टीचा किंवा बार्देशचा मुलगा तेव्हा मुंबईला गेला कारण ब्लॉक मेकर, रंगीत छपाई, प्रकाशक आणि गिऱ्हाईक तिथे होतं. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात उतरला, त्याच गोव्यात चारशे वर्षांनी एका मराठी चित्रकाराला पोटापुरतं छापील काम मिळत नव्हतं. हा इतिहास गोव्याचाच आहे आणि तो गोव्यानेच सांगायचा आहे.

दुसरा आक्षेप भाषेच्या वादातून येतो. मराठी अंकांचं दप्तर सरकारी पैशाने केलं तर कोकणीवाल्यांना काय वाटेल, असा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. मला ही भीती अनाठायी वाटते. कृष्णदास शामा ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, पोर्तुगीज अमदानीतली. आज तिथे पोर्तुगीज, मराठी, कोकणी, इंग्रजी सगळं एका छपराखाली आहे. रोमी लिपीतल्या रोमांशींची (कोकणी कादंबऱ्यांची) मुखपृष्ठं, तियात्राची (कोकणी नाटकांची) हस्तपत्रकं, फेस्ताची (चर्चच्या सणाची) छापील पत्रकं, जुन्या पोर्तुगीज जाहिराती, हे सगळं याच विभागात पुढे यायला हवं. सुरुवात दलाल–मुळगावकरांपासून करायची ती त्यांचं काम अमाप आहे आणि ते ओळखणारे वाचक अजून हयात आहेत म्हणून.

आणि तिसरा, जाणकारांकडून येणारा आक्षेप: ही कॅलेंडर-कला, हिला कशाला इतकं डोक्यावर घ्यायचं? यात मला तथ्य दिसतं, आणि त्याचं उत्तरही दप्तरातच आहे. मुळगावकरांच्या स्प्रेच्या गुळगुळीत सावल्यांतून आलेले देव सगळे एकाच नाकाडोळ्यांचे, एकाच गोऱ्या वर्णाचे झाले. दलालांच्या नायिका रेषेच्या दृष्टीने अप्रतिम आहेत, पण त्या पाहिल्या जाण्यासाठीच उभ्या असतात. शेतात, कारखान्यात, कचेरीत राबणारी बाई त्या मानाने क्वचितच दिसते. मराठी मध्यमवर्गाच्या सौंदर्यकल्पनेवर या चित्रांनी जो पगडा बसवला त्याची परखड तपासणी व्हायला हवी आणि ती स्त्री-अभ्यासकांनी करायला हवी. पण ती आठवणीवर कशी करणार? ‘दीपावली’चे अंक ओळीने समोर हवेत. त्यात कुठल्या साली काय बदललं, कुठल्या लेखकाच्या कथेला कसलं चित्र मिळालं, शेजारच्या पानावर कसली जाहिरात होती, हे दिसायला हवं. बंगालमध्ये सत्यजित राय यांनी सिग्नेट प्रेससाठी केलेली मुखपृष्ठं आज जाणकार सिनेमाइतक्याच गंभीरपणे वाचतात. मराठीत तेवढं गंभीर लिहिणारे कमी का, याचं एक कारण अभ्यासाला सामग्रीच एकत्र नाही हे आहे.

कायद्याची अडचण पुढे केली जाते, ती तर निम्म्याहून अधिक काल्पनिक आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे दलालांच्या कामावरचा हक्क २०३१ च्या अखेरीस संपतो, मुळगावकरांच्या कामावरचा २०३६ च्या अखेरीस. तोवर पुनर्मुद्रण करायचं, चहाच्या कपांवर चित्रं छापायची तर हक्कदारांची परवानगी हवीच. आणि पैसे मोजून करवून घेतलेल्या चित्राचा हक्क काही वेळा प्रकाशकाकडेही असतो, ते तपासावं लागेल. पण २०१२ च्या दुरुस्तीने नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या छापील प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवण्याची मोकळीक दिलेली आहे. ग्रंथालयात प्रत असेल तर स्कॅनर उद्या सुरू करता येतो. आधी प्रत असली पाहिजे, इतकंच.

आणि प्रती झपाट्याने नाहीशा होत आहेत. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटाच्या मागच्या फळीला बुरशी धरते, दिवाळी अंकाच्या पिना गंजून मधल्या फर्म्याला (पानांच्या घडीला) भोक पाडतात, स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा होऊन मोडतो, कसर रंगीत पानाची कड खाते. त्यातून जे वाचतं ते चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातं. वाचनालयांतही दिवाळी अंक फिरले, फाटले की रद्दीत जातात, कारण त्यांची पुस्तक म्हणून नोंदच झालेली नसते. छापखाने खिळ्यांवरून ऑफसेटवर आले तेव्हा तांब्या-जस्ताचे ब्लॉक वजनावर गेले. ते आता परत येणार नाहीत.

म्हणून मला मोठ्या इमारतीची, पुतळ्याची किंवा वार्षिक सोहळ्याची घाई नाही. पहिलं काम एका परिपत्रकाचं आहे: राज्यातल्या अनुदानित ग्रंथालयांनी बांधणीला पाठवण्याआधी मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि वेष्टण सुटं करून, मागे दाखल क्रमांक लिहून, राज्य ग्रंथालयाकडे पाठवावं; आणि शक्य तिथे बांधणी करूच नये, जाड कागदाची पेटी करावी. दुसरं, जुन्या वाचनालयांच्या माळ्यांवर जे बांधलेले, न बांधलेले अंक पडून आहेत त्यांची तालुकावार मोजदाद. ती कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ग्रंथपालांबरोबर प्रकल्प म्हणून करता येईल, आणि त्यातून त्यांचं जे शिक्षण होईल ते कुठल्याही वर्गात होणार नाही. नोंदीत चित्रकाराच्या नावाइतकंच छापखान्याचं, ब्लॉक करणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव हवं, रंग किती ते हवं, अक्षरं हाताची की खिळ्यांची ते हवं. सही नसेल तर ‘सही नाही’ असंच लिहावं; अंदाजाने दलालांचं नाव चिकटवण्याचा मोह टाळावा, नाहीतर संग्राहकांच्या बाजारातल्या खोट्यांना सरकारी शिक्का मिळेल. तिसरं, आणि ते सगळ्यांत तातडीचं: खिळे जुळवणारे, यंत्रावर उभे राहिलेले, बाइंडिंग केलेले गोमंतकीय आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याशी बोलून ते ध्वनिमुद्रित करून ठेवायला फोनसुद्धा पुरतो.

घरोघरच्या लोकांना मात्र सरकारची वाट पाहायचं कारण नाही. माळ्यावर जुनी ‘दीपावली’ किंवा ‘रत्नप्रभा’ सापडली तर फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. तिचा चिकटा काही वर्षांत कागदात उतरतो आणि रंग खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या पिना अलगद काढा, मधलं रंगीत चित्र चौकटीसाठी कापून घेऊ नका, आणि ज्या पानावर मुद्रक-प्रकाशकाची ओळ छापलेली असते ते पान अंकापासून वेगळं होऊ देऊ नका. चवथीच्या आधी कपाट रिकामं करायचंच असेल तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाला एक फोन करा, आणि ग्रंथपालाने नको म्हटलं तर का नको ते लेखी मागा.